पौषातले चार रविवार

पौष लागला, की आमच्या जळगावातली मंगल कार्यालयं एकदम गप्प होतात. महिनाभर ज्यांच्या दारात घोड्या फुरफुरत होत्या आणि बँडवाले झाडाखाली डबे उघडून बसत होते, त्यांच्या कमानींवर आता नुसते सुतळीचे तुकडे लोंबतात. आतल्या हिरवळीवर कावळे मालकासारखे चालतात. भाकड महिना म्हणतात याला. लग्न नाही, साखरपुडा नाही, मुलगी बघायला जाणंसुद्धा नाही. जे काही चालतं ते शेतांमध्ये. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजतात, केळीच्या पानावर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढतात, आणि सकाळी बागायतदार धुक्यात उभे राहून केळीवर थंडीचा चरका पडला का ते बघतात. भरताची बोलावणी मलाही येतात. मी जाते, जेवते, चार जणींशी बोलते आणि परत येते.

पण या महिन्यातल्या रविवारच्या दुपारी मला सरता सरत नाहीत. चार वर्षांपूर्वीच्या पौषात त्या वेळी मी धुळ्यात असायचे, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, जेवणाच्या हॉलमध्ये. तिथे डाळीचा आणि फिनाईलचा मिळून एक वास होता. आजही कुठे तो वास आला, की माझी पाठ आपोआप ताठ होते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत माझे हात कुणाच्या ना कुणाच्या अंगावर असतात. आखडलेले खांदे, बदललेले गुडघे, अर्धांगाने लुळे पडलेले हात. माझं लग्न चार वर्षं टिकलं, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. आईला जाऊन सात. दवाखान्याचं शटर ओढून घरी आल्यावर कधी कधी लक्षात येतं, की आज मी तीस माणसांना हात लावला आणि मला कुणीच लावला नाही. तहान कामाच्या गडबडीत विसरून जावी आणि घरी माठ दिसल्यावर आठवावी, तसं ते आठवतं. पाणी पिऊन मी टीव्ही लावते.

नीलिमाताई धुळ्याच्या, भूलतज्ज्ञ. अर्धं आयुष्य परदेशात नोकरी करून साठीच्या अलीकडे गावी परतल्या, आणि येताना तिकडून टँगो घेऊन आल्या. अर्जेंटिनाचा नाच, दोघांनी एकमेकांना मिठीत धरून चालायचा. सिनेमात दाखवतात तशी फेकाफेक त्यात नसते. एका डॉक्टरांच्या कार्यक्रमात आमची ओळख झाली, तेव्हा माझा व्यवसाय कळल्यावर त्या म्हणाल्या, “तू लोकांना चालायला शिकवतेस ना? मग ये, आधी स्वतः शीक.” दिवाळीनंतर दर रविवारी मी एसटीने एरंडोल, पारोळा करत त्यांच्या गच्चीवर जाऊ लागले. आम्ही सहा-सात जण होतो. पौषात कार्यालयं रिकामी असतात म्हणून त्यांनी एका कार्यालयाचा वरचा हॉल चार रविवारांसाठी घेतला आणि नाशिक, सुरत, इंदूरकडच्या टँगोवाल्यांना बोलावलं. अशा नाचाच्या मेळाव्याला ते लोक मिलोंगा म्हणतात. कार्यालयाचा मॅनेजर तोंडातली सुपारी एका गालात सारून म्हणाला होता, “मॅडम, पौषात कसला कार्यक्रम?”

“चालायचा,” नीलिमाताई म्हणाल्या.

पहिल्या रविवारी हॉल दहा जोड्यांचा आणि जोड्या सोळा. नवरानवरीच्या सिंहासनासारख्या खुर्च्या लाल कापडाखाली झाकून कोपऱ्यात लोटल्या होत्या. नीलिमाताईंनी सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. सगळ्यांनी प्रदक्षिणेच्या उलट दिशेने फिरायचं, एकामागे एक. पुढच्याला ओलांडून जायचं नाही. तो थांबला तर आपणही थांबायचं, जागच्या जागी या पायावरून त्या पायावर वजन घेत राहायचं. मोठं पाऊल मागे टाकायचं नाही, मागे कुणाची तरी पाठ असते. नाचताना कुणी कुणाला शिकवायचं नाही. धक्का लागला तर चूक कुणाची हे न बघता मान हलवून माफी मागायची. आणि नाचायला बोलवायचं ते तोंडाने बोलवायचं नाही, नजरेने. पुरुषाने दुरून बघायचं. बाईला नाचायचं असेल तर तिने ती नजर धरून ठेवायची, त्याने मान जराशी झुकवली की ठरलं. नको असेल तर तिने दुसरीकडे बघायचं, एवढंच. तीन-चार गाण्यांचा एक फेर दोघांनी नाचायचा आणि तो संपला की बाईला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं.

किती सभ्य, मला वाटलं. कुणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही, कुणाला ते ऐकावं लागत नाही. फक्त कुणाची नजर आलीच नाही तर काय करायचं, हे नीलिमाताईंनी सांगितलं नव्हतं.

भिंतीला लागून दोन रांगांत मांडलेल्या खुर्च्यांपैकी पुढच्या एका खुर्चीत मी दुपारी एक ते चार बसून होते. आमच्या गच्चीवरचे सगळे नव्या पाहुण्यांबरोबर नाचत होते. आपल्या पेटीलाच दम लागावा तसं एक वाद्य त्या संगीतात वाजतं. ते वाजायचं, जोड्या समोरून सरकत जायच्या, मी नजर उचलून ठेवायची. फार उचलली तर लाचार दिसते आणि खाली घातली तर कुणी बघायचंच नाही. शेवटी शेवटी समोरच्या भिंतीजवळ उभ्या असलेल्या एका उंच माणसाने माझ्याकडे बघितलं. मी नजर धरली. त्याने मान झुकवली. मी उठले, ओढणी नीट केली, दोन पावलं पुढे गेले, आणि माझ्या मागच्या रांगेतली इंदूरची बाई माझ्या खांद्याजवळून पुढे होऊन त्याच्या हातात गेली. मी तशीच पाण्याच्या जारपर्यंत चालत गेले आणि तहान नसताना दोन ग्लास पाणी प्यायले.

येताना बसच्या खिडकीतून वेचणी संपत आलेला कापूस दिसत होता. शेजारच्या बाईने शेंगांची पुडी पुढे केली. मी नको म्हटलं आणि मग पारोळ्यापर्यंत वाईट वाटून घेत बसले, की घेतल्या असत्या चार तर काय बिघडलं असतं.

सोमवारी सकाळी माझ्याकडे सुपडू आबा यायचे. मूळचे धरणगावकडचे, वरणगावच्या फॅक्टरीत टर्नर म्हणून उभी हयात गेलेली. सुताभराची चूक बोटाने ओळखणारा माणूस, आणि त्याच बोटांना आता पार्किन्सनचा कंप होता. पण कंपापेक्षा त्यांचा खरा छळ वेगळा होता. चालता चालता त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. दाराच्या चौकटीत, अरुंद जागेत, चार माणसं जमली की हमखास. मेंदूकडून निरोप निघतो, पायापर्यंत पोचत नाही. त्यांच्याबरोबर अक्का असायच्या, त्यांच्या पत्नी. पाण्याची बाटली, शाल, गोळ्यांची डबी असं सगळं मांडीवर घेऊन त्या भिंतीजवळच्या खुर्चीत बसायच्या. आबा कुणाशीही बोलताना अहिराणी सोडत नसत. अक्का जळगाव शहरातच वाढलेल्या, माझ्याशी शुद्ध बोलायच्या.

धरणगावच्या एका लग्नात आबा जेवणाच्या रांगेत असेच चिकटले होते. मागच्याने ताटाने ढोसलं, वरण सदऱ्यावर सांडलं, आणि कुणीतरी म्हणालं, “सकाळपासूनच घेऊन आलेला दिसतोय.” आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस. त्या दिवसापासून ते माझा दवाखाना सोडून कुठेही गेले नव्हते. वर्ष होत आलं होतं.

त्या सोमवारी व्यायाम घेता घेता मी माझी फजिती त्यांना सांगितली. पेशंटला सांगू नये, पण दुसरं होतं कोण? आबांचा चेहरा आजारामुळे हसत नसे, डोळे हसायचे.

“मंग आमले बी दखाड ना तो नाच,” ते म्हणाले.

मी थट्टेवारी नेलं नाही. ठेका असला की पार्किन्सनच्या माणसाचे पाय सुटतात, हे मला माहीत होतं. मिठीत समोरच्याचा तोल कळतो, हे गच्चीवर समजलं होतं. आणि रुग्णाचे हात धरून त्याच्यासमोर उलट चालायचं काम तर मी पंचवीस वर्षं करत आले होते. टँगोत बाई तेच करते. मी मोबाइलवर एक गाणं लावलं. आबांनी हात अधांतरी धरले आणि अक्कांकडे बघितलं.

“धरा ना,” अक्का म्हणाल्या. “त्या डॉक्टरच आहेत.”

अंतर ठेवून आबांना तोल सांभाळता येईना. शेवटी मी त्यांच्या छातीला छाती टेकवून उभी राहिले, त्यांची हनुवटी माझ्या कपाळाजवळ आली, उजवा हात माझ्या पाठीवर. त्यांच्या सदऱ्याला कापराचा वास होता. मी वजन डावीकडे नेलं, ते आले. उजवीकडे नेलं, आले. मग त्यांनी पाऊल उचललं आणि आम्ही खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाही न अडखळता गेलो. चौदा पावलं. दाराशी पोचल्यावर आबा मोठ्याने म्हणाले, “बठ्ठा झकास!” अक्कांनी टाळी वाजवली, मांडीवरची गोळ्यांची डबी खाली पडली.

दुसऱ्या रविवारी मी धुळ्याला गेले, बसले, आणि परत आले. नीलिमाताई स्वतः एक फेर माझ्याबरोबर नाचल्या. त्यांचा हात मायेचा होता, म्हणूनच मला ते सहन झालं नाही. त्यांना मी आबांबद्दल सांगितलं.

“आण त्यांना,” त्या म्हणाल्या. “फक्त मध्यभागी नाचा. कडेची रांग चालती असते. मध्ये थांबलं तरी कुणाला अडचण होत नाही.”

आबांना मी हे सांगितलं तर त्यांनी मान हलवली. “मधमा नही. लाईनमा चालसू.”

“आबा, गर्दी असते.”

“गर्दीसाठीच जावानं शे ना?”

घरी अक्कांना हे पटलेलं नव्हतं. परक्या गावात, परक्या लोकांत, पडले म्हणजे? लोक काय म्हणतील? पण तिसऱ्या रविवारी त्यांनीच पुतण्याची गाडी मागून घेतली, आबांना इस्त्रीचा सदरा घातला आणि माझ्या घराखाली येऊन हॉर्न वाजवला.

हॉलचा जिना चढायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. अक्का शाल घेऊन भिंतीच्या खुर्चीत बसल्या. मी त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून बसले, कारण आबांनी तसं बजावलं होतं. नियम म्हणजे नियम. ते समोरच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. पापणी न हलणारी ती नजर आजाराची होती, पण ती माझ्यावर होती. मी धरून ठेवली. त्यांनी मान झुकवली.

पहिली दोन गाणी आम्ही रांगेत चाललो. पुढे नाशिकचं एक जोडपं, मागे सुरतचे एक कापड व्यापारी आणि त्यांची जोडीदार. तिसऱ्या गाण्यात स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे हॉल अरुंद होतो, तिथे आबांचे पाय चिकटले. मला आधी त्यांच्या छातीत कळलं. श्वास अडकला, पाठीवरची बोटं कडक झाली.

“चिटकनात, पोरी,” ते माझ्या कानाशी म्हणाले.

माझी पाठ पुढच्या दिशेला होती, मला मागची रांग दिसत होती. आता कुणीतरी बगल देऊन जाईल, कुणाचं तरी कोपर लागेल, आबा ढासळतील, म्हणून मी त्यांना घट्ट धरलं. सुरतचे व्यापारी थांबले. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे अर्धे मिटून ते जागच्या जागी या पायावरून त्या पायावर डुलत राहिले. त्यांच्या मागची जोडी थांबली. तिच्या मागची थांबली. वळणापलीकडची थांबली. पुढचे नाशिकचे लोक चालत चालत फेरा पूर्ण करून रांगेच्या शेपटाशी आले आणि तेही थांबले. सोळा जोड्या नुसत्या डुलत होत्या. गाणं चालू होतं. कुणी मान वळवली नाही, कुणी खाकरलं नाही, कुणी ‘काय झालं’ विचारलं नाही.

मीही वजन हलवू लागले. डावा, उजवा. डावा, उजवा. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण एक अख्खं कडवं गेलं.

“बठ्ठा थांबनात?” आबांनी विचारलं.

“हो आबा, सगळे. बठ्ठे.”

त्यांनी श्वास सोडला आणि पाऊल पुढे पडलं. मागे रांग हलली.

फेर संपल्यावर त्यांनी मला खुर्चीपर्यंत पोचवलं. मग अक्कांच्या शेजारी बसले. अक्का पदराने डोळे पुसत होत्या. परतीच्या वाटेवर एरंडोल आलं तेव्हा आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “कोणी ढकलं नही.” थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले.

चौथ्या रविवारी आबांना सर्दी होती, मी एकटी गेले. सुरतच्या व्यापाऱ्यांनी हॉलच्या पलीकडून माझ्याकडे बघून मान झुकवली. मी आधी मागे वळून पाहिलं. मागे या वेळी नुसती भिंत होती. आम्ही चार गाणी नाचलो. त्यांचा हात हलका होता आणि वळणावर ते मला गर्दीपासून आडोशाला घेत होते. त्यांनी मला खुर्चीपाशी सोडलं, हात जोडले आणि गेले. त्यांचं नाव मला माहीत नाही.

मग माघ आला, कार्यालयात लग्नाचे पाट पडले. उन्हाळ्यात नीलिमाताई मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेल्या आणि तिकडेच राहिल्या. आबा त्यानंतर सव्वातीन वर्षं होते. त्यांनी दोन लग्नं केली, म्हणजे जाऊन आले, एकदा नवसाला फैजपूरलाही गेले. पाय चिकटले की उभ्या उभ्या डुलायचे आणि लोकांना सांगायचे, “थांबा जरासं, गानं चालू शे.” गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियाने ते गेले. मी पुन्हा कधी नाचले नाही. जळगावात कुणाबरोबर नाचणार? रविवारी कपडे वाळत घालताना गच्चीवर कधी चार पावलं उलटी टाकून बघते आणि कठड्याला पाठ लागली की थांबते.

गेल्या आठवड्यात अक्का दवाखान्यात आल्या. गुडघा दुखत होता. मांडीवर नुसती एक पिशवी, बाकी काही सांभाळायचं उरलेलं नव्हतं. मी शेक लावला आणि शेजारी स्टुलावर बसले.

“मॅडम, एक विचारू?” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी धुळ्याला, सगळे थांबले तेव्हा, ते तुमच्या कानात काय बोलत होते?”

“पाय चिकटले म्हणाले. मग विचारलं, सगळे थांबले का?”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्या मशीनच्या लाल दिव्याकडे बघत राहिल्या. “शेहेचाळीस वर्षं संसार झाला आमचा. चांगले होते, कधी हात उगारला नाही. पण असं उभ्याने, दिवसाढवळ्या, मला त्यांनी कधी धरलं नव्हतं. दवाखान्यात तो व्यायाम वाटायचा, तिथे नाही वाटला. मी बघत होते बसून. बरं वाटत होतं, रडूही येत होतं. आणि तुमचा राग येत होता. खोटं कशाला बोलू?”

मला त्या दिवशीच्या रांगेतल्या एकेका जोडीचा चेहरा आठवत होता. अक्कांचा आठवून बघितला, तर नुसता पदर आठवला.

“अक्का, मी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“मी नाहीच म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या. “या वयात कसला नाच! पण विचारायचं तरी.”

शेक संपल्याची घंटी वाजली. मी पट्टा काढला. अक्का उठल्या, पदर खोचला आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“कसं धरायचे ते? दाखवा मला.”

मी त्यांचा उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला, डावा माझ्या हातात घेतला. अक्का माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या. त्या अंदाज घेतल्यासारख्या माझ्या गळ्याकडे, मग आमच्या दोघींच्या मधल्या जागेकडे बघत होत्या.

“त्या दिवशी तिथे एवढं अंतर होतं?”

त्या दिवशी आबांच्या आणि माझ्यामध्ये कागद सरकला नसता. मी आत्ता दीड वीत जागा ठेवली होती.

“हो अक्का,” मी म्हटलं. “एवढंच असतं. नियमच आहे तसा.”

त्यांनी ती जागा पुन्हा एकदा नीट पाहिली. “खुर्चीतून फार जवळ वाटलं होतं,” त्या म्हणाल्या, आणि हात सोडवून चपला शोधू लागल्या.